न वाचलेल्या कागदावरचा अंगठा

आज आपल्याशी बोलावयाचे आहे ते कचेरीतल्या आणि शाळेतल्या संगणकाविषयी. नेमके सांगायचे तर, ज्यांच्या साहाय्याने आपण पत्रे लिहितो, तक्ते भरतो, हिशेब मांडतो, त्या वर्ड, एक्सेल यांसारख्या सॉफ्टवेअरविषयी, आणि त्यांत राहून गेलेल्या भेगांविषयी.

विषय ऐकून शेतावर राबणारे आमचे बंधू म्हणतील, "हे मास्तरांचं काम, आम्हांला काय त्याचं?" पण जरा विचार करा. आपला सातबारा, वनहक्काचा दावा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डावरची नावे, घरकुलाची यादी, यांतले कोणते काम आज संगणकावाचून होते? डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीत जा, तलासरीच्या पंचायत समितीत जा, एखाद्या आश्रमशाळेत किंवा ग्रामपंचायतीत जा. कुठल्या ना कुठल्या तक्त्यात आपले नाव, आधार क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांक एका ओळीत लिहिलेला असतो. तो तक्ता सांभाळणारा माणूस जितका सावध, तितके आपले हित सुरक्षित. तेव्हा हे भाषण जितके गुरुजींसाठी, तितकेच आपल्यासाठीही आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की संगणकावरची फाईल कागदासारखी दिसते, परंतु ती कागद नसते. कागद टेबलावर ठेवला की तो तसाच पडून राहतो. त्यावर लिहिले असेल ते आपण वाचतो. कागद स्वतः काही करीत नाही. फाईलचे तसे नाही. फाईल उघडली की आपल्या आधी ती वाचतो संगणक. तिच्यात कुठे ठळक अक्षर, कुठे चित्र, कुठे बेरीज, हे सारे त्याला सांगितलेले असते आणि तो निमूटपणे तसे करतो. म्हणजे मजकुराबरोबर फाईलीत हुकूमही असतात. मजकूर आपल्याला दिसतो, हुकूम दिसत नाहीत. सगळ्या अनर्थाचे मूळ या एवढ्या फरकात आहे.

या हुकुमांतला एक प्रकार म्हणजे मॅक्रो. तो वाईट हेतूने निर्माण झालेला नाही, बरं का. समजा, तीनशे मुलांच्या गुणांची बेरीज, टक्केवारी आणि श्रेणी दर परीक्षेला काढावयाची आहे. तेच तेच काम पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा ते एकदा लिहून ठेवावे आणि एका कळीसरशी व्हावे, यासाठी ही सोय दिलेली असते. पुष्कळ शिक्षक आपले निकालपत्रक असेच तयार करतात. परंतु जो हुकूम बेरीज करू शकतो, तो फाईल पुसूही शकतो आणि परक्या ठिकाणाहून दुसरा एखादा प्रोग्रॅम मागवून घेऊ शकतो. वर्डच्या मॅक्रोतून पसरणारा विषाणू १९९५ साली जगभर दिसू लागला. पुढे २६ मार्च १९९९ रोजी मेलिसा नावाचा विषाणू आला. तो वर्डच्या फाईलीत बसून येई, आणि फाईल उघडताच त्या माणसाच्या ओळखीच्या पहिल्या पन्नास जणांना तीच फाईल त्याच्याच नावाने पाठवून देई. "तुम्ही मागितलेला कागद सोबत जोडला आहे," अशा अर्थाची ओळ वर असे. ओळखीच्या माणसाकडून कागद आला म्हणजे कोण संशय घेणार? ते पन्नास जणही उघडीत. मोठमोठ्या कंपन्यांना आपली टपालयंत्रणा बंद ठेवावी लागली. हा विषाणू लिहिणाऱ्या अमेरिकन माणसाला २००२ साली वीस महिन्यांची शिक्षा झाली.

हे झाले परदेशचे. आता आपल्या राज्याकडे वळू.

मे २०१६ मध्ये मुंबईला मंत्रालयातील संगणकांना लॉकी नावाच्या रॅन्समवेअरची बाधा झाली. रॅन्समवेअर म्हणजे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर. सुमारे दीडशे संगणकांना ते बाधले, आणि त्यांत महसूल व सार्वजनिक बांधकाम या खात्यांचे संगणक होते, अशा बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांत आल्या. महसूल खाते म्हणजे जमिनीचे खाते. आपल्या तलाठ्यापासून वर जाणारी वाट तिथेच पोहोचते, हे आपल्याला सांगायला नको.

लॉकी हा फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रथम दिसला. त्याची चाल मोठी धूर्त होती. ईमेलमध्ये पत्र यावे, "आपले बिल सोबत जोडले आहे, कृपया पाहावे." जोडलेली वर्डची फाईल उघडावी, तो आत सगळी गिचमीड अक्षरे. आणि वर एक सूचना, की मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो सुरू करा. कारकून बिचारा काय करणार? बिल वाचता येत नाही, साहेब तर विचारणार. तो कळ दाबी. मजकूर काही नीट होत नसे. परंतु तेवढ्यात फाईलीतला हुकूम कुठल्या तरी दूरच्या यंत्रावरून मूळ प्रोग्रॅम आणून सुरू करी. तो प्रोग्रॅम संगणकातील पत्रे, तक्ते, छायाचित्रे एकामागून एक अशा कुलपात घाली, की त्याची किल्ली फक्त चोराजवळ. एवढ्यावर थांबत नसे. त्या संगणकाला जोडलेल्या इतर संगणकांवर, पेनड्राइव्हवर जे काही हाताशी लागेल त्यालाही तो कुलूप लावी. मग पडद्यावर पाटी येई, अमुक इतके पैसे भरा आणि किल्ली न्या. त्याच फेब्रुवारीत अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयाने आपल्या फाईली सोडवण्यासाठी सुमारे सतरा हजार डॉलर खंडणी भरली होती.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट कोणती? लॉकीने दार फोडले नाही. दार आतून उघडून घेतले. सॉफ्टवेअरने तर पिवळी पट्टी दाखवून विचारले होते, "या फाईलीत हुकूम आहेत, ते चालू द्यायचे का?" आणि माणसाने, हुकूम काय आहेत ते न वाचता, "हो" म्हटले होते.

श्रोतेहो, न वाचता "हो" म्हणण्याची किंमत आपल्या या भागाइतकी दुसऱ्या कोणी क्वचितच मोजली असेल. डहाणू-तलासरीच्या वारली माणसाने सावकाराच्या आणि जमीनदाराच्या कागदावर अंगठा उठवला. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते; जो वाचू शकत होता, त्याचाच तो कागद होता. जमीन गेली. लग्नासाठी काढलेल्या चार पैशांपायी नवराबायको दोघेही धन्याच्या घरी राबू लागले. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वेठीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा कुठे हे जोखड ढिले होऊ लागले. त्याच १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. एकीकडे न वाचलेल्या कागदातून सुटका, दुसरीकडे वाचायला शिकणे. या दोन गोष्टी आपल्या मातीत एकाच वर्षी रुजल्या.

आज आपला मुलगा वाचतो, मुलगी वाचते. परंतु फाईलीतील हुकूम त्यांनाही वाचता येत नाही. मला एम. ए. झालेल्यालाही येत नाही, आणि तो बहुतेक कोणालाच वाचता येत नाही. तेव्हा "एनेबल कंटेंट" ही कळ दाबणे म्हणजे न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवणे होय. फरक इतकाच, की पूर्वी अंगठा ज्याचा त्याच्यापुरता असे. आज गुरुजींनी उठवलेला अंगठा शाळेतील दोनशे मुलांच्या वतीने उठतो.

आता दुसरा प्रकार पाहू. यात तर कोणी परवानगीही विचारीत नाही.

गणिताच्या शिक्षकांना ठाऊक असेल, की वर्डमध्ये अपूर्णांक, वर्गमूळ वगैरे लिहिण्यासाठी पूर्वी समीकरणे लिहिण्याचे एक छोटे साधन असे. ते २००० साली तयार झाले आणि पुढे सतरा वर्षे जसेच्या तसे प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर येत राहिले. २०१७ साली काही संशोधकांना त्यात एक खोट सापडली. ती समजायला अवघड नाही. हजेरीपटात नावासाठी एक रकाना असतो. कोणी फारच लांब नाव लिहिले, तर अक्षरे पलीकडच्या रकान्यात जातात. माणसाला ते दिसते आणि तो थांबतो. हे साधन मात्र अक्षराच्या वळणाचे नाव, म्हणजे फॉन्टचे नाव, स्मृतीतल्या ठराविक जागेत उतरवून घेताना त्याची लांबी मोजतच नव्हते. मुद्दाम लांबलचक नाव दिले, की ती अक्षरे पलीकडच्या जागेवर सांडत. आणि त्या पलीकडच्या जागेवर लिहिलेले होते, की संगणकाने आता पुढचे कोणते काम करावे. मग काय! चोराने सांडलेली अक्षरे हाच संगणकाचा पुढचा हुकूम झाला. मॅक्रोची परवानगी मागणारी पट्टीसुद्धा येत नसे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, आणि जानेवारी २०१८ मध्ये ते साधनच काढून टाकले. तरीही ज्या संगणकांवर ती दुरुस्ती चढवली गेली नाही, त्यांना फसवण्यासाठी चोर पुढे कित्येक वर्षे हीच खोट वापरीत राहिले.

अशीच दुसरी खोट मे २०२२ च्या अखेरीस उघडकीस आली. तिला इटलीतल्या फोलिना नावाच्या छोट्या गावाचे नाव पडले, कारण सापडलेल्या फाईलीच्या नावातील आकडे त्या गावाच्या टेलिफोन क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांशी जुळत होते. तिथे वर्डची फाईल बाहेरून एक पान मागवी, आणि ते पान विंडोजमधल्या दुरुस्तीच्याच एका साधनाला कामाला लावी. म्हणजे वैद्याच्याच हातून विष पाजण्याचा प्रकार! दुरुस्ती १४ जून २०२२ रोजी आली. मधल्या दोन-अडीच आठवड्यांत मात्र सावधगिरी हेच औषध होते.

कोणी म्हणेल, पैसे घेऊन विकलेल्या वस्तूत अशा भेगा राहतातच कशा? त्याचे उत्तर असे, की ही सॉफ्टवेअर लक्षावधी ओळींची असतात, वर्षानुवर्षे अनेक हातांनी लिहिली जातात, आणि जुने तक्ते नव्यात उघडले पाहिजेत म्हणून जुने भाग तसेच ठेवावे लागतात. विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस चांगले आहे, मी ते अवश्य सुचवतो; परंतु तेही निर्दोष नाही. मुलांना रेषा काढून प्रोग्रॅमिंग शिकवणारे लिबरलोगो नावाचे साधन त्यात आहे. त्याच्याच आडून फाईलीतला हुकूम न विचारता चालवता येतो, असे २०१९ साली आढळले, आणि ते दुरुस्त करावे लागले. तेव्हा प्रश्न भेग पडते की नाही हा नव्हे. ती बुजवली जाते की नाही, हा आहे.

आपल्याकडे कारवीचा कुड असतो. त्याला शेणामातीने लिंपतो. पावसाळ्यानंतर लिंपण निघते, फटी पडतात, आणि आपण पुन्हा लिंपतो. कोणी असे म्हणत नाही, की घर बांधले तेव्हा एकदा लिंपले होते, आता कशाला? सॉफ्टवेअरची दुरुस्ती, जिला अपडेट म्हणतात, ती म्हणजे हे लिंपणे. पण आपल्या शाळांतून आणि सेवा केंद्रांतून काय दिसते? संगणक आला त्या दिवशी जे घातले, तेच चालू. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या आवृत्त्यांची दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे. ज्यांच्याकडे त्या आहेत, त्यांच्या कुडाला यापुढे लिंपण मिळणार नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. आणि जिथे विकत घेतलेली प्रतच नाही, "क्रॅक" करून, म्हणजे कुलूप मोडून चालवलेली आहे, तिथे तर ते कुलूप मोडणारा प्रोग्रॅमच पुष्कळदा चोराचा दूत असतो. स्वस्त मिळाले म्हणून हसू नये. ती वस्तू फुकट नाही, तिची किंमत वेगळ्या खात्यात पडते.

आपल्या भागातली दुसरी अडचण पेनड्राइव्हची. इंटरनेटवरून आलेल्या फाईलीवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारते, ही फाईल बाहेरून आली आहे असा. त्या शिक्क्यावरून वर्ड-एक्सेल सावध होतात, आणि २०२२ पासून नव्या आवृत्त्या अशा फाईलीतले मॅक्रो आपणहून अडवतात. पण तीच फाईल पेनड्राइव्हवर घेतली, की तो शिक्का बहुधा गळून पडतो, कारण पेनड्राइव्हची मांडणी वेगळी असते. शाळेतून केंद्रशाळेत, केंद्रशाळेतून पंचायत समितीत, वाटेत झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला, असा आपला पेनड्राइव्ह दिवसभर फिरतो. एसटीतल्या उतारूसारखा तो सगळ्यांत मिसळतो आणि संध्याकाळी शाळेच्या संगणकात येऊन बसतो.

तिसरी अडचण घाईची. "सोबतच्या एक्सेलमध्ये माहिती भरून आज दुपारी चारपर्यंत पाठवावी," असा निरोप व्हॉट्सअॅपवर आला, की गुरुजी हातातला खडू ठेवून धावतात. हा आपल्या शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. चोराला हीच घाई हवी असते. तो पत्र लिहितो ते साहेबाच्या आवाजात, तातडीच्या भाषेत. म्हणून माझी अधिकारीवर्गालाही विनंती आहे, की माहिती मागवताना मॅक्रो असलेल्या फाईली पाठवू नयेत आणि उत्तराला पुरेसा वेळ द्यावा. शिक्षकाला रोज घाईने कळ दाबायची सवय आपणच लावली, तर चुकीच्या दिवशी ती दाबली म्हणून त्याला दोष कसा द्यावा?

एवढ्यात कोणी चाणाक्ष श्रोता विचारील, "दुरुस्ती घ्या म्हणता, पण दुरुस्तीतूनच विष आले तर?" प्रश्न रास्त आहे, आणि तसे घडलेही आहे. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ते चालवणाऱ्या मर्स्क समूहाचे संगणक जगभर बंद पडले होते. उगम होता युक्रेन देशात, करांचे विवरण भरण्यासाठी कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या दुरुस्तीच्या वाटेनेच चोर शिरले. युक्रेनमधल्या हिशेबनिसाच्या टेबलावरून निघालेली कळ आपल्या समुद्रकिनाऱ्यावर येऊन पोहोचली. आता तर डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. त्या बंदराविषयी मतभेद आहेत, तो आजचा विषय नव्हे. परंतु असल्या गोष्टी दूरच्या राहिलेल्या नाहीत, एवढे त्यावरून दिसते. एका विहिरीचे पाणी एकदा बाधले म्हणून आपण पाणी पिणे सोडीत नाही. शंभरांतल्या नव्व्याण्णव वेळा दुरुस्ती घेणे हेच हिताचे. उरलेल्या एका वेळेसाठी उपाय वेगळा आहे, आणि तो म्हणजे जपून ठेवलेली प्रत.

तर आता करावे काय, ते थोडक्यात सांगतो. गुरुजनांनी हे कागदावर लिहून संगणकाच्या शेजारी भिंतीवर चिकटवले तरी चालेल.

एक. फाईल उघडल्यावर पिवळी किंवा लाल पट्टी आली तर थांबावे. "एनेबल कंटेंट" दाबू नये. जी फाईल वाचण्यासाठी हुकूम चालू करायला सांगते, ती संशयित समजावी.

दोन. फाईल पाठवणाऱ्याला फोन करावा. "साहेब, ही यादी आपणच पाठवलीत ना?" असे विचारण्यात अपमान कसला? चांगला अधिकारी उलट शाबासकी देईल.

तीन. सॉफ्टवेअरची दुरुस्ती आपोआप होईल अशी व्यवस्था करून ठेवावी. आवृत्तीची मुदत संपली असेल तर नवी घ्यावी, किंवा लिबरऑफिस अधिकृत ठिकाणावरून घ्यावे. कुलूप मोडलेली प्रत वापरू नये.

चार. महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत ठेवावी, आणि ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. लॉकीची गोष्ट आठवा. जोडलेल्या पेनड्राइव्हलाही तो कुलूप लावतो. आपण भाताचे सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवतो का? महिन्यातून एकदा ती प्रत उघडूनही पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

पाच. मुलांचे आधार आणि बँक क्रमांक असलेले तक्ते गरज संपली की झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावरून पुसावेत, व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नयेत.

सहा. एवढे करूनही बाधा झालीच, तर इंटरनेटची वायर प्रथम काढावी, वायफाय बंद करावे, म्हणजे शेजारचे संगणक वाचतील. खंडणी भरू नये. २०१७ च्या त्या हल्ल्यात तर पैसे भरूनही फाईली परत मिळण्याची सोयच नव्हती. वरिष्ठांना लगेच कळवावे. बँकेतले पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. सरकारी संस्थांनी दिल्लीच्या सर्ट-इन या संस्थेला कळवावयाचे असते, आणि त्यासाठी २०२२ च्या आदेशाने सहा तासांची मुदत घातलेली आहे.

या सहाव्या गोष्टीवर मी थोडा जोर देतो. पुष्कळ ठिकाणी बाधा झाली की माणूस ती लपवतो. नोकरी जाईल, लोक हसतील, अशी भीती असते. लपवलेल्या तासाभरात एका संगणकाचे दहा होतात. गावात पटकीचा रोगी लपवला तर काय होते, ते आपले वाडवडील जाणत होते. म्हणून मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवावे, की जो लगेच सांगेल त्याला कोणी बोल लावणार नाही.

शेतकरी बंधूंनो आणि मायभगिनींनो, आपण संगणक चालवीत नसाल, तरी विचारण्याचा अधिकार आपला आहे. ग्रामसभेत उभे राहून विचारा, "आमची यादी ज्या संगणकात आहे, तिची दुसरी प्रत आहे का? त्या संगणकाची दुरुस्ती शेवटची कधी झाली?" हा प्रश्न विहिरीच्या पाण्याविषयी किंवा शाळेच्या छपराविषयी विचारलेल्या प्रश्नाइतकाच साधा आणि आपल्या हक्काचा आहे. उत्तर लगेच मिळणार नाही कदाचित. पण दोनदा विचारले, की तिसऱ्या वेळी उत्तर तयार असेल.

आणि शिक्षकमित्रहो, आपण मुलांना अक्षर वाचायला शिकवता. त्याबरोबर एवढेही शिकवा, की जे वाचता येत नाही, समजत नाही, त्याला "हो" म्हणण्यापूर्वी थांबावे आणि विचारावे. संगणकाची आवृत्ती उद्या बदलेल, पट्टीचा रंग बदलेल, चोरांच्या युक्त्या तर रोज बदलतात. ही एक सवय मात्र मुलाला जन्मभर पुरेल.